रुक्मिणीबाई भावे आणि ‘गीताई’ची भाषा

थोर पुरुषांच्या मातांची चरित्रे आपल्याकडे बहुधा एकाच ठशाची असतात. माता सात्त्विक, व्रतस्थ, सहनशील. तिचे संस्कार पुत्रावर घडले. एवढे सांगून विवेचन थांबते. संस्कार म्हणजे नेमके काय आणि ते कोठे दाखविता येतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आचार्य विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांच्याविषयी तो विचारता येतो. कारण त्यांच्या प्रभावाची खूण एका ग्रंथाच्या रूपाने उरली आहे. ‘गीताई’ रचली गेली ती आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या शेजारी, वर्धा येथे. तिचे बीज मात्र बडोद्यातील एका घरात पडले.

रुक्मिणीबाईंनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. आपणांस त्या दिसतात त्या पुत्राने उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणींतून, हे अभ्यासकाने विसरू नये. त्यांचे माहेर कर्नाटकातले. कानडी भजने त्या गात. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गागोदे येथे १८९५ साली विनायकाचा जन्म झाला आणि पुढे पती नरहरपंतांबरोबर हे कुटुंब बडोद्यास आले. शिक्षण बेताचेच, मराठी वाचता येण्यापुरते.

त्यांनी देवास लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता व त्या एकेक दाणा मोजून वाहत. मोजक्या तांदळांचे वजन करून त्यावरून हिशेब करावा, थोडे अधिक घालावे म्हणजे उणे राहणार नाही, असे नरहरपंतांनी सुचविले. त्यांना उत्तर सुचेना. त्यांनी ‘विन्या’ला विचारले. दाणे मोजणे हा गणिताचा प्रश्न नसून प्रत्येक दाण्यागणिक होणारे ईश्वरस्मरण आहे, असा खुलासा मुलाने केला. माता श्रद्धेने आचरी आणि पुत्र त्या आचाराचा अर्थ सांगे, असे हे नाते होते. एकतर्फी उपदेशाचे नव्हते.

गीतेचा प्रसंगही असाच. १९१५च्या सुमारास त्या गीतेवरील प्रवचनास जात. परंतु संस्कृत श्लोक कळेनात. मराठी गीता आणून दे, असे त्यांनी मुलास सांगितले. त्याने गद्य भाषांतर आणले. त्यांना पद्य हवे होते. मग वामन पंडितांची समश्लोकी आली. तीही कठीण वाटते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. याहून सोपी उपलब्ध नाही, असे उत्तर मिळताच, मग तूच का करीत नाहीस, असे त्यांनी विचारले.

या तक्रारीत एक वाङ्मयीन निर्णय आहे. वामन पंडितांनी मूळ वृत्त सांभाळताना संस्कृत शब्दांचा भार पुष्कळ ठेवला. पंडिताला तो गोड वाटतो, घरातील वाचकाला अडवतो. ‘गीताई’ही समश्लोकीच, पण तिच्या आठ अक्षरी चरणांत गुरुलघूचे बंधन सैल आहे आणि शब्द रोजच्या मराठीच्या जवळचे आहेत. छंदाची ही सवलत कवीने स्वतःसाठी घेतली असे मानण्यापेक्षा ती वाचकासाठी घेतली असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

रुक्मिणीबाईंना ती वाचावयास मिळाली नाही. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी पुरोहितावाचून आपण स्वतः करावा, अशी पुत्राची इच्छा होती. आईला ते रुचले नसते, असे वडिलांचे मत पडले. तेव्हा विनोबा स्मशानात गेले नाहीत. ज्या मातेला ते सर्वाधिक मानीत, तिच्या आचारधर्माशी त्यांचा हा विरोधही नोंदविला पाहिजे. चरित्रकार तो सहसा झाकून टाकतात.

७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभिलेली रचना ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाली. १९३२ साली ती प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी वर्ध्याच्या आश्रमातील लहान मुलींना विनोबा ती शिकवीत. ज्या शब्दाशी त्या अडखळत तो टिपून ठेवीत आणि पुढे बदलीत.