निकाल फिरला म्हणजे न्यायाधीश दोषी ठरला का?

अपिलात निकाल फिरला की ‘खालच्या न्यायाधीशाला चपराक’ असा मथळा येतो, आणि आता त्याच्यावर कारवाई होणार असे आपण धरून चालतो. हे खरे नाही. अपिलात तपासला जातो तो निकाल. पुराव्याचा अर्थ चुकला किंवा कलम चुकीचे लावले, तर निकाल रद्द होतो, बदलतो किंवा खटला फेरसुनावणीसाठी परत जातो.

न्यायाधीशाची चौकशी ही निराळी बाब आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ने जिल्हा व त्याखालच्या न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे. ते प्रशासकीय बाजूने, नोटीस देऊन आणि म्हणणे ऐकून वापरायचे असते. जिल्हा न्यायाधीश दिवाणी न्यायाधीशाचा हुकूमनामा फिरवू शकतात, पण त्याला नोकरीतून काढू शकत नाहीत.

‘चुकीचा जामीन दिला, म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार’ हा समज तर घातकच आहे. कृष्ण प्रसाद वर्मा प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की गैरवर्तन किंवा बाह्य प्रभावाचा पुरावा नसताना, केवळ आदेश चुकला म्हणून शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही. नोकरीच्या धास्तीने न्यायाधीश जामीन नाकारू लागले, तर त्याची किंमत तुरुंगातला कच्चा कैदी मोजतो.

निकालपत्रात ताशेरे ओढण्यालाही मर्यादा आहे. अपिलात खालचा न्यायाधीश पक्षकार नसतो; त्याला वकील नाही, उत्तर देण्याची संधी नाही. तरीही शेरा कायमचा छापला जातो आणि बढतीच्या वेळी आडवा येऊ शकतो. म्हणून मोहम्मद नईम खटल्यापासूनच्या कसोट्या मोलाच्या आहेत: ज्याच्याबद्दल शेरा आहे त्याला बाजू मांडता आली का, शेऱ्याला पुरावा आहे का आणि निकालासाठी तो आवश्यक होता का? २०२४ मध्ये सोनू अग्निहोत्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका सत्र न्यायाधीशावरचे उच्च न्यायालयाचे ताशेरे वगळले. आदेशावर कडक टीका करा, न्यायाधीशावर व्यक्तिशः नको, हा त्यामागचा भेद.

आणि सर्वोच्च न्यायालय? ते उच्च न्यायालयाचा निकाल फिरवू शकते. पण अनुच्छेद २२७ने उच्च न्यायालयाला खालच्या न्यायालयांवर दिलेली देखरेख सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयांवर दिलेली नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून दूर करायचे, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते.