संपादकही, लेखकही : राम पटवर्धन

पुस्तक-संपादकाचं काम मुद्रितशोधनाच्या कितीतरी आधी सुरू होतं. हस्तलिखित आलं की तो रचना तपासतो, पाल्हाळ हेरतो, कच्चे दुवे दाखवतो. बदल मात्र लेखकाच्याच हातून करवून घेतो. मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’ प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिकासाठी राम पटवर्धन (१९२८–२०१४) यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद झालं.

दुसऱ्यांच्या लेखनात बुडालेल्या संपादकाला स्वतःच्या लेखनासाठी वेळ थोडाच उरतो. तरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ (१९३८) या पुलित्झरविजेत्या कादंबरीचा ‘पाडस’ हा अनुवाद पटवर्धनांनी केला. फ्लोरिडाच्या रानातला मुलगा आणि त्याचं हरणाचं पिल्लू मराठी घरांत आपलंसं झालं. संपादकाची नजर लेखनात कशी उतरते, हे पाहायचं तर ‘पाडस’ जरूर वाचा.