परसबागेत फरसबंदी अथवा खळे करण्यापूर्वी निचऱ्याची तपासणी

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत बसण्याचा फरसबंद चौथरा किंवा धान्य वाळविण्यासाठी काँक्रीटचे खळे बांधण्याकडे शेतकरी कुटुंबांचा कल वाढत आहे. मात्र जमीन आच्छादली की त्या जागेत मुरणारे पावसाचे पाणी बाजूला वळते. ते भिंतीच्या पायाकडे गेल्यास ओल चढते, विहिरीकडे गेल्यास आवारातील घाण पाण्यात मिसळते आणि झाडांच्या आळ्यात साचल्यास मुळे कुजतात. पपई व लिंबूवर्गीय झाडे साचलेल्या पाण्यास विशेष संवेदनशील असून अशा स्थितीत फायटोफ्थोरा बुरशीमुळे मूळकूज व डिंक्या रोग बळावतो. खळ्यावरच पाणी थांबले तर ओलसर राहिलेल्या मका व भुईमुगात अफलाटॉक्सिन निर्माण करणारी बुरशी वाढू शकते. म्हणून बांधकामापूर्वी निचऱ्याची तपासणी करणे हिताचे ठरते.

पाण्याचा अंदाज

एक चौरस मीटर क्षेत्रावर १ मिमी पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी जमा होते. १० मीटर लांब व ८ मीटर रुंद खळ्यावर ५० मिमी पाऊस झाल्यास सुमारे ४,००० लिटर पाणी वाहून जाईल. हे पाणी शेजारच्या ४० चौरस मीटर वाफ्यात सोडले आणि त्यात वाफ्यावर पडलेले २,००० लिटर मिळविले तर एकूण ६,००० लिटर पाणी मुरावे लागेल. जमिनीत तासाला ४ सेंमी पाणी मुरत असेल तर यास पावणेचार तास पुरतात. तासाला १ सेंमीच मुरत असेल तर १५ तास लागतात. पावसाची पुढची सर त्याआधीच आली तर वाफा जलमय होतो.

मुरण्याच्या वेगाची चाचणी

नियोजित बांधकामाच्या उताराकडील बाजूस, जेथे पाणी सोडावयाचे आहे तेथे, ३० सेंमी लांब, रुंद व खोल असा खड्डा घ्यावा. सायंकाळी तो पाण्याने भरून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी २० सेंमी उंचीपर्यंत पाणी भरून मोजपट्टीने दर तासाला पातळी किती उतरली ते नोंदवावे व पुन्हा तेवढेच पाणी भरावे. तीन ते चार तासांनंतरची अखेरची नोंद ग्राह्य धरावी. तासाला २.५ सेंमी किंवा त्याहून अधिक घट समाधानकारक मानावी. खड्ड्याच्या बाजूंनीही पाणी मुरत असल्याने प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमी असतो, हे गणित करताना लक्षात घ्यावे.

काळ्या जमिनीत ही चाचणी भर उन्हाळ्यात केल्यास दिशाभूल होते. भेगांमधून पाणी झपाट्याने नाहीसे होते. पावसाने माती फुगून भेगा मिटल्यावर मात्र तीच जमीन पाणी घेईनाशी होते. त्यामुळे पावसाच्या उघडिपीत चाचणी घेणे उत्तम. खड्ड्याच्या मातीत राखाडी रंग व तांबूस ठिपके दिसल्यास तेथे दीर्घकाळ पाणी साचते असे समजावे.

उताराची पाहणी

गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आवाराच्या चारही कोपऱ्यांची पातळी तपासावी. काँक्रीटच्या खळ्यास दर मीटरला किमान १ सेंमी व ओबडधोबड दगडी फरशीस दीड सेंमी उतार द्यावा. उतार घर, विहीर व गोठ्यापासून दूर असावा. फरसबंदीची पातळी जोत्याच्या ओलरोधक थरापेक्षा किमान १५ सेंमी खाली ठेवावी.

निष्कर्षानुसार उपाय

निचरा चांगला असल्यास बसण्याच्या जागेत फरश्यांच्या सांध्यांत सिमेंटऐवजी वाळू भरावी, म्हणजे काही पाणी जागीच मुरते. धान्याच्या खळ्यास मात्र सलग पृष्ठभाग आवश्यक असल्याने उताराच्या टोकाशी खडीने भरलेला चर काढून पाणी बागेत सोडावे.

निचरा मंद असल्यास शोषखड्ड्यावर विसंबू नये. न मुरणाऱ्या मातीत तो लवकरच तुडुंब भरतो. अशा ठिकाणी उघड्या चराने पाणी शेततळ्याकडे किंवा नैसर्गिक ओहोळाकडे न्यावे. ते शेजाऱ्याच्या शेतात जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

काळ्या जमिनीत किमान ३० सेंमी माती काढून मुरूम थराथराने दाबून भरावा. येथे अनेकदा एक बाब दुर्लक्षित राहते. चिकणमातीत खोदलेला व मुरमाने भरलेला खड्डा पाणी धरणाऱ्या हौदासारखा वागतो. खालची माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरील काँक्रीटला तडे जातात. यासाठी खोदाईच्या तळालाही उतार देऊन सर्वांत खालच्या टोकातून पाणी बाहेर पडण्यास वाट ठेवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी खळ्याच्या अंदाजपत्रकाबरोबरच चाचणीची नोंद व पाण्याच्या वाटेचा साधा नकाशा तयार करून घ्यावा. चाचणीला एक रात्र व अर्धा दिवस लागतो. तडकलेले काँक्रीट उखडून पुन्हा घालण्याचा खर्च मात्र नव्या बांधकामापेक्षाही अधिक होऊ शकतो.