ऋतुचक्राची पहिली वर्षे

1930 साली म्हैसूर संस्थानाच्या सरकारने आपल्या काही रुग्णालयांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याचे ठरविले. मुंबईत र. धों. कर्वे यांनी हे कार्य 1921 मध्येच आरंभिले होते आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरीही गमावली होती. तेव्हा संस्थानी सरकारचा हा निर्णय धीटपणाचाच म्हटला पाहिजे. परंतु जे सरकार बोलू शकले, ते घरोघरी बोलले गेले नाही. मुलगी वयात आली की म्हैसूरकडे ‘मैनेरेदळु’ म्हणतात, मराठीत ‘न्हाण आले’ म्हणतात. आरती होते, गोडधोड होते आणि मग सारे मौन. पुढे दोन महिने पाळी आली नाही की आई घाबरते, आणि मुलगी आईहून अधिक.

वास्तविक पहिली पाळी आली म्हणजे ऋतुचक्र बसले, असे नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी बीजकोशांना संदेश पाठविते. बीजकोशांतून इस्ट्रोजेन स्रवते व गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ लागते. प्रौढ स्त्रीत याच इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढले की मेंदूकडून उलट इशारा येतो, स्त्रीबीज सुटते आणि मग प्रोजेस्टेरॉन निर्माण होऊन ते अस्तराला स्थैर्य देते. हा उलट इशारा कोवळ्या वयात वेळेवर येतोच असे नाही. बीज सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर नुसते वाढत राहते आणि केव्हा तरी ढासळते. म्हणून पाळी कधी लांबते, तर कधी आल्यावर जास्त जाते. ही घडी बसण्यास बहुधा दोन-तीन वर्षे लागतात. या काळात दोन पाळ्यांत 21 ते 45 दिवसांचे अंतर असले तरी चिंता नको.

उपासमार, वजनात एकाएकी घट, अतिव्यायाम, परीक्षेची धास्ती यांनीही पाळी लांबते. उलट, नवरात्र किंवा गणपती आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या देण्याची जी चाल पडली आहे, ती मात्र बरी नव्हे. ज्या मुलीचे चक्रच अजून बसलेले नाही, तिचा हिशेब त्याने अधिकच चुकतो.

पंधरा वर्षे पुरी होऊनही पाळी आली नाही, एकदा जरी नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला, स्राव सात दिवसांपलीकडे गेला किंवा दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागले, तर डॉक्टरांकडे जावे. म्हैसुरात चेलुवांबा हे स्त्रिया व मुलांचे सरकारी रुग्णालय आहेच. डॉक्टर गर्भधारणेची शक्यताही पडताळतील. तो संशय नव्हे, तपासणीची रीत आहे. थायरॉइडचा विकार, रक्त न गोठण्याचा दोष, पंडुरोग यांचा शोध घेतला जातो. ‘पीसीओएस’चे नाव आजकाल फार लवकर घेतले जाते. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून ते निदान करू नये, असे 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितले आहे. डॉक्टरांना अधिक उपयोग होतो तो तारखांचा. दुधाचा रतीब ज्या दिनदर्शिकेवर टिपतात, तिच्यावरच मुलीने पाळीच्या पहिल्या दिवशी एक ठिपका द्यावा आणि तपासणीला जाताना ती पाने बरोबर न्यावीत.