वाळवंटातील दौड आणि घामाचे गणित

मोरोक्कोतील सहारा वाळवंटात १९८६ साली एक शर्यत सुरू झाली. अंतर सुमारे २५० किलोमीटर, शिधा पाठीवर आणि धावायचे टप्प्याटप्प्याने, कित्येक दिवस! समजा, तुम्ही मित्रांसह तीत उतरलात. हवा ४५ अंश सेल्सिअस, तुमचे शरीर ३७. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. म्हणजे हवा तुम्हाला उलट तापवणारच. मग शरीर तग कसे धरते? घामाने! एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. पण कोरड्या हवेत घाम चटकन उडतो. अंग ओले दिसत नाही आणि पाणी किती गेले ते कळत नाही. घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी बेसुमार प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जिवावर बेतते.

तापलेल्या मेंदूला स्वतःचा बिघाड उमगत नाही. अडखळणारे पाऊल, असंबद्ध बोलणे सोबत्यालाच आधी दिसते. १९९४ साली मौरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात एकटा भरकटला. कित्येक दिवसांनी तो अल्जीरियात जिवंत सापडला. प्रत्येकाचे दैव इतके बलवत्तर नसते. म्हणून उन्हात खेळताना पाण्याबरोबर मित्रावरही लक्ष ठेवा. तो बरळू लागला, तर खेळ थांबवा, त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि डॉक्टरांना बोलवा.