ॲडव्हान्स टाकण्याआधी पाच मिनिटं थांबा!



दुकान सुरू केल्यावर पहिल्याच दिवाळीत मी साडेआठ हजार रुपये घालवले. मोबाइलवर सुरतच्या साड्यांची जाहिरात दिसली. मला नेहमी साडेतीनशेला पडणारी साडी तिथे एकशे ऐंशीला! फोटो आले, जीएसटी नंबर छापलेलं बिल आलं आणि 'माल संपत आलाय, आजच ॲडव्हान्स टाका' असा फोनही आला. मी पैसे टाकले. दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद.

नंतर बिलावरचा जीएसटी नंबर तपासला. नंबर खरा होता, पण भलत्याच माणसाच्या हार्डवेअरच्या दुकानाचा! हे मी आधी बघितलं असतं तर पैसे वाचले असते. म्हणून आता नवीन व्यापाऱ्याकडून माल मागवताना मी पुढच्या गोष्टी बघतोच.

१. जीएसटी नंबर: हा १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. समोरचा सुरतचा म्हणतोय आणि नंबर २७ ने सुरू होतोय, तर आधी खुलासा मागा. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे बघता येतं.

२. खात्याचं नाव: नंबर कुणीही चोरून छापू शकतो. म्हणून यूपीआय करताना पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं, ते पोर्टलवरच्या नावाशी जुळवा. जुळलं नाही तर तिथेच थांबा.

३. पिन: 'रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

४. घाई: खरा व्यापारी चार नग सॅम्पल द्यायला सहसा नाही म्हणत नाही. पहिली ऑर्डर छोटीच ठेवा.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. घरी वापरायला घेतलेल्या वस्तूत फसलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण पुन्हा विकण्यासाठी माल घेतला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही 'ग्राहक' ठरत नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजा आपल्यासाठी बंद! म्हणजे दुकानदाराने तर आधीच जास्त सावध राहायला हवं.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. मी दोन दिवस घरीसुद्धा सांगितलं नाही, तिथेच वेळ गेला. ताबडतोब १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल, तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. चॅट, बिल, व्यवहार क्रमांक काहीच डिलीट करू नका.

आणि शेवटचं. उद्या तुम्ही ऑनलाइन विकायला बसाल, तेव्हा गिऱ्हाईकही तुम्हाला असंच तपासणार आहे. दुकानाचं नाव, पूर्ण पत्ता, चालू फोन नंबर आणि माल परत घेण्याचे नियम आजच तुमच्या पेजवर टाका. विश्वास बसला तरच ऑर्डर येते.