ऑडिओग्राम उलटा करू नका

ऐकण्यामागचं विज्ञान : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण ऑडिओग्राम वाचायला शिकलो. आडव्या अक्षावर २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या वारंवारता, उभ्या अक्षावर डेसिबल. रेघ जितकी खाली, तितकं त्या वारंवारतेला कमी ऐकू येतं. उतारवयात बहुतेकांची रेघ १००० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट असते आणि पुढे घसरत जाते. वर्षानुवर्षं यंत्रांच्या गोंगाटात काम केलेल्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो आणि ८००० हर्ट्झला रेघ पुन्हा थोडी वर येते. असा कागद हाती आल्यावर अनेकांना एक उपाय सुचतो : फोनवरचा इक्वलायझर उघडायचा आणि आलेखात जिथे जितका खळगा, तिथली पट्टी तितकीच वर सरकवायची. तर्क बिनचूक वाटतो, पण कान तसा चालत नाही. इक्वलायझर हे असमान श्रवणदोषात खरोखर उपयोगी पडणारं साधन आहे आणि ते अधिक लोकांनी वापरावं, असं माझं मत आहे. मात्र आलेखातली तूट पूर्ण भरून काढायची नाही. एक-तृतीयांश भरावी, फार तर निम्मी. आजच्या लेखात हे का, ते पाहू.

कारण दडलंय आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत. तिथे प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आंतर केसपेशी आणि बारा हजार बाह्य केसपेशी असतात. मेंदूकडे संदेश धाडायचं काम मुख्यतः आंतर पेशींचं. बाह्य पेशी हलक्या आवाजाला जागच्या जागी बळ देतात. मोठ्या आवाजाला मात्र त्या जवळजवळ हात लावत नाहीत. वय आणि गोंगाट यांचा पहिला मार बसतो तो या बाह्य पेशींना. म्हणून अशा कानाला हलका आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज निरोगी कानाइतकाच मोठा लागतो. समजा, ४००० हर्ट्झला ४५ डेसिबलच्या खालचं काही ऐकू येत नाही. तरी असह्य वाटण्याची पातळी शंभराच्या आसपास होती तिथेच राहते. नव्वदएक डेसिबलच्या ऐसपैस जागेत सामावणारं जग आता पंचावन्नमध्ये कोंबायचं आहे. या प्रकाराला रिक्रूटमेंट म्हणतात. आजोबांशी नेहमीच्या आवाजात बोललं तर ‘काय?’, आणि जरा मोठ्याने बोललं की लगेच ‘ओरडतोस कशाला!’, हे घरोघरी घडतं ते हेकटपणामुळे नव्हे, त्याच्यामागे हे शरीरशास्त्र आहे.

आता इक्वलायझर काय करतो ते पाहा. ४००० ची पट्टी ३० डेसिबलने वर नेली, तर तो त्या वारंवारतेच्या प्रत्येक आवाजात तीसच मिळवतो, आवाज हलका असो वा मोठा. चाळीसवरची हलकी लकेर सत्तरवर जाते, ठीक. पण ऐंशीवर वाजलेली झांज एकशे दहावर पोचते आणि कानात टोचते. चष्म्याचा नंबर पूर्ण देतात, मग कानाला निम्माच का, या स्वाभाविक प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बहुतेक चष्मे प्रकाशाची दिशा सुधारतात आणि मागचा पडदा शाबूत असतो; इथे मात्र बिघाड पडद्यातच आहे. अशा कानाला हलक्या आवाजात मोठी भर हवी, मध्यम आवाजात निम्मी आणि मोठ्या आवाजात जवळजवळ शून्य. एकच आकडा निवडायचा असेल तर तो मधलाच निवडावा लागतो.

हा अंदाज नवा नाही. सॅम्युएल लायबार्गर या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकातच पाहिलं, की श्रवणयंत्र वापरणारी माणसं आवाजाचं बटण आपणहून साधारण निम्म्या तुटीवर आणून ठेवतात. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात, एखाद्या वारंवारतेची तूट एका डेसिबलने वाढली तर तिथली भर सुमारे ०.३१ डेसिबलनेच वाढते; सरासरी तुटीचा वेगळा हिस्सा सगळ्याच वारंवारतांना सारखा मिळतो. इक्वलायझरने आपल्याला फक्त आवाजाचा आकार बदलायचा असल्यामुळे हा एक-तृतीयांशाचा उतारच कामाचा. उदाहरण घेऊ. उजव्या कानाला १००० हर्ट्झपर्यंत १५, २००० ला २५ आणि ४००० ला ४५ डेसिबल. डाव्या कानाला ४००० ला ३५, बाकी सारखंच. १००० ची पातळी पाया धरली तर उजवीकडे ४००० ची जादा तूट ३०, डावीकडे २०. म्हणजे सुरुवात उजवीकडे १० आणि डावीकडे ६-७ डेसिबलने करावी; २००० ला दोन्हीकडे तीन पुरेत. पंधरवडाभर याच मांडणीवर ऐकावं. बरीच वर्षं न ऐकलेले स्वर सुरुवातीला चिरके वाटतातच, मेंदूला त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. त्यानंतरही ‘स’ आणि ‘श’ नीट सुटे होत नसतील तरच एकेक-दोनदोन डेसिबलने पुढे सरकावं आणि निम्म्यावर थांबावं.

हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली : दोन्ही कानांच्या पट्ट्या स्वतंत्र हव्यात. विंडोजवरच्या इक्वलायझर एपीओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे; आयफोनमध्ये २०२० पासून ठरावीक हेडफोनसाठी ऑडिओग्रामच भरता येतो. दुसरी : डिजिटल आवाजाला वर ठाम छत असतं. कुठलीही पट्टी दहाने वाढवली तर एकंदर पातळी, म्हणजे प्रीॲम्प, आधी दहाने उतरवावी, नाहीतर आवाज फाटतो. तिसरी : ८००० हर्ट्झच्या आसपास हेडफोन कानावर किंचित सरकला तरी आवाज बराच बदलतो, म्हणून तिथे कोरीव दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. घरच्या घरी निरनिराळे सूर वाजवून स्वतःच आलेख काढणाऱ्यांसाठी एक इशारा. निरोगी कानालाही १०० हर्ट्झचा सूर ऐकू यायला १००० हर्ट्झपेक्षा वीसेक डेसिबल जास्त लागतात. ही निसर्गाची मांडणी आहे, दोष नव्हे. तिची वजाबाकी न करता पट्ट्या लावल्या तर नुसता घुमारा हाती लागतो. त्यापेक्षा ऑडिऑलॉजिस्टकडे, प्रमाणित हेडफोनवर, शांत खोलीत काढलेला आलेखच पायाला धरावा.

एक आक्षेप असा, की श्रवणयंत्र असताना हा खटाटोप कशाला? आवाज पाहून कमी-जास्त भर घालण्याचं काम श्रवणयंत्र करतं, हे खरं. समोरासमोरच्या बोलण्यासाठी त्याला पर्याय नाही. पण त्याची घडण बोलणं डोळ्यांसमोर ठेवून होते. शिट्टी वाजू नये म्हणून त्यात बसवलेली यंत्रणा बासरीच्या लांबवलेल्या सुरालाच शिट्टी समजून कापू पाहते आणि सूर थरथरतो. हेडफोनवरच्या संगीतात मायक्रोफोनचा टप्पाच नसतो. शिवाय ध्वनिमुद्रणात हलक्या-मोठ्या आवाजांमधलं अंतर आधीच आवळलेलं असतं, त्यामुळे एकाच आकड्याची भर तिथे बऱ्यापैकी जुळते. इक्वलायझरचं हक्काचं क्षेत्र हे आहे.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा : कलाकाराने दिलेला आवाज आपण का बदलायचा? मला वाटतं, श्रवणदोषात तो आवाज आधीच बदललेला असतो. मिरजेच्या कारागिराने जवारी लावलेला तानपुरा घ्या. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोऱ्याचा तुकडा नेमक्या जागी बसला की तारेतून वरच्या स्वरांशांची झळाळी उठते, आणि ती कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढते. ४००० ला खळगा पडलेल्या कानाला षड्ज-पंचम पोचतात, पण झळाळी विझलेली असते आणि तानपुरा मठ्ठ वाटतो. तिथे थोडी भर घालणं म्हणजे कारागिराने आणि गायकाने जे मांडलं त्याच्या जवळ जाणं. निरोगी कानालाही मुद्रणाचा तोल कायम एकसारखा ऐकू येत नाही. आवाज कमी केला की खर्ज आधी हरवतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा : दुखावलेल्या जागीच जास्त आवाज? प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. दर तीन डेसिबलच्या वाढीला वेळ निम्मा. संगीतातली बहुतेक ऊर्जा खालच्या आणि मधल्या वारंवारतांत असते. वरचे स्वर ऐकू यावेत म्हणून सगळाच आवाज दहा डेसिबलने चढवणारा माणूस पूर्ण कानावर दहापट ऊर्जा ओततो, आणि आज बहुतेक लोक हेच करतात. फक्त ४००० ची पट्टी चढवली तर एकूण भार थोडाच वाढतो. दुखावलेल्या जागेवरचा भार मात्र वाढतोच, त्यामुळे एकंदर आवाज कमी ठेवणं ही अटच आहे. साठ-सत्तरहून मोठ्या तुटीत आंतर पेशीही मेलेल्या असू शकतात. तिथे भर घातल्याने नुसता खरखरीतपणा वाढतो. आणि दोन कानांत ठळक फरक असेल किंवा एक कान अचानक मंदावला असेल, तर इक्वलायझरला हातही लावू नका. अचानक आलेला बहिरेपणा ही तातडीची बाब आहे. उपचाराचा काळ दिवसांत मोजला जातो, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

ऑडिओग्राम उलटा करून पट्ट्या लावणारे बहुतेक लोक आठवडाभरात कंटाळतात आणि ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. दोष साधनाचा नसतो, मात्रेचा असतो. एक-तृतीयांशाने सुरुवात करा, निम्म्यावर थांबा, एकंदर आवाज उतरवा. फुकटात मिळणारं हे साधन पुष्कळ काही परत देतं. पुढच्या आठवड्यात : गर्दीत बोलणं का कळत नाही, आणि त्यावर नुसता आवाज वाढवणं का पुरत नाही.